शाहूपुरीची गूळपेठ : सहलीत पाहिलेले व ऐकलेले



ऊसशेती पाहण्यासाठी आपल्या सभासदांची सहल कोल्हापूरला गेली होती. तिच्याबरोबर मीही होतो. प्लॉट पाहिले, बेणेमळे पाहिले. त्याविषयी पुढे सवडीने लिहीन. (देवीचे दर्शन आणि रंकाळा झाला हे वेगळे सांगायला नकोच.) आज लिहायचे आहे ते शाहूपुरीविषयी.

रेल्वे स्टेशनाच्या अंगालाच ही पेठ आहे. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली अशी आकड्यांचीच नावे. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, १८९५ साली, त्यांनी स्टेशनाजवळ ही व्यापारी पेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या. हेतू सरळ होता. आपल्या मुलखातल्या गुळाला आपल्याच दारात गिऱ्हाईक मिळावे. राधानगरी धरणाचे काम त्यांनी त्यानंतर हाती घेतले. म्हणजे तिकडे पेठ आधी आणि धरण मागाहून.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, पण गुळाचा भाव ठरवणारी पेठ काही आपल्या हातात नव्हती. अडत्याकडून उचल घ्यायची, ढेपा त्याच्याच दुकानी घालायच्या आणि अडत, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी येईल ती मुकाट्याने खिशात घालायची. त्यात मंदी आली. त्या काळच्या गोष्टी जुन्या मंडळींनी वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत, त्या मी काय सांगाव्यात? १९५० साली लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, त्याच्या मागे हा सगळा अनुभव होता.

शाहूपुरीत आता सगळ्याच तऱ्हेची दुकाने आहेत. गुळाचे सौदे श्री शाहू मार्केट यार्डात होतात. दिवाळी पाडव्याला नव्या गुळाचा पहिला सौदा निघतो. आपण ढेप म्हणतो, तिकडे रवा म्हणतात. आमच्यातल्या एकाने "ढेपेला काय भाव?" म्हणून विचारले तर हमाल हसला.

रव्यांच्या थप्प्या लावलेल्या असतात. खरेदीदार एखादा रवा फोडून खडा हातात घेतो, रंग पाहतो, बोटांनी चुरून कण पाहतो, जिभेवर ठेवतो. माल बहुतेक गुजरातकडे जायचा, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक, कणीदार गूळ लागतो. आम्ही उभे होतो तिथे शेजारी शेजारी दोन थप्प्या होत्या, दोन्ही एकाच गावच्या. पहिलीला चढा भाव मिळाला. दुसरीचा खडा जिभेवर ठेवून खरेदीदाराने मान हलवली, आणि बोली तिथेच अडली. तिचा मालक बाजूलाच उभा होता. मी विचारले तर म्हणाला, "पाणी खारं हाय आमचं, सायेब. आणि युरिया जरा उशिरा पडला."

बस्स, एवढेच बोलला. मला माझ्या डिप्लोमाचे सगळे धडे आठवले. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो, उशिरा दिलेल्या नत्राने मऊ आणि काळपट होतो, आणि तोडून दोन दिवस पडलेल्या उसाचा तर नीट बसतही नाही. हे मी गटागटात सांगतो तेव्हा लोक जांभया देतात. तिथे त्या माणसाला ते दोन मिनिटांत, चारचौघांत, रुपयांत कळले.

आमच्यातले एक वयस्कर सभासद परतताना गाडीत म्हणाले, "साहेब, हे बरं आहे. ज्याचा माल त्याचा भाव. आपल्याकडं माझा ऊस अन् शेजाऱ्याचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. एफ.आर.पी.चा मूळ दर १०.२५ टक्के उताऱ्याला धरलेला आहे, आणि उतारा वाढला की दर वाढतो. पण तो उतारा सगळ्या कारखान्याचा मिळून निघतो. एकाने पाचट आणि वाढ्यासकट, चिखल लागलेला, शिळा ऊस पाठवला तरी त्याला भाव तोच. तोटा सगळ्यांत वाटला जातो म्हणून कुणालाच टोचत नाही. आमच्या खात्याची यातली चूकही मी मान्य करतो. कार्यक्रम मोडून, कोवळ्या उसाला तोडीची चिठ्ठी देण्याचे प्रसंग आमच्याकडूनही झालेले आहेत.

पण गुऱ्हाळाकडे परत वळावे असे म्हणणाऱ्यांनी तिकडची दुसरी बाजूही ऐकावी. गुळव्या मिळत नाही, जळव्या मिळत नाही, म्हणून कितीतरी गुऱ्हाळे बंद पडली आहेत. आज चढलेला भाव आवक वाढली की उतरतो, आणि काईल चुलवाणावर चढली म्हणजे "उद्या बघू" म्हणता येत नाही.

गाडीत ठरले ते असे : या हंगामात तोडीची चिठ्ठी निघण्याआधी गटातला कर्मचारी हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन प्रत्येक प्लॉटवर येईल आणि ब्रिक्स पाहील. आकडा तुमच्यासमोरच वहीत लिहिला जाईल व तुमची सही घेतली जाईल. त्या वेळी कृपा करून बांधाच्या कडेचा, उन्हातला ऊस पुढे करू नये. मधल्या सरीतला दाखवावा.