रूट कॅनाल : गरम की थंड?

किडलेल्या दाढेने रात्रभर जागवले की रुग्ण प्रथम फॅमिली डॉक्टरकडे येतो. गोळीने ठणका थांबतो, पण आतला गर सडलेला असेल तर गोळीने तो बरा होत नाही. मग दाढ काढणे किंवा रूट कॅनाल, हे दोनच मार्ग उरतात. अलीकडे रुग्ण विचारतात, "डॉक्टर, गरम पद्धतीने भरून घेऊ की थंड? गरमला पैसे जास्त सांगितलेत."

रूट कॅनालमध्ये मुळांच्या नळ्यांतला गर काढतात, नळ्या घासून सोडियम हायपोक्लोराइटने धुतात आणि गटापर्चाने भरतात. गटापर्चा म्हणजे मलाया, इंडोनेशियाकडील झाडांच्या चिकाचा रबरासारखा पदार्थ. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींनाही याचेच वेष्टण असे! मध्यंतरी चांदीच्या काड्याही वापरत. त्या आत गंजू लागल्याने मागे पडल्या.

थंड पद्धतीत गटापर्चाची मुख्य काडी सिमेंट लावून बसवतात आणि बाजूने बारीक काड्या दाबतात. ही स्वस्त आहे आणि काडी कुठवर जाते यावर ताबा राहतो. नळी वेडीवाकडी असेल तर मात्र उरलेल्या फटींची भिस्त सिमेंटवर. अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट शिल्डर यांनी १९६७ मध्ये गरम पद्धत मांडली. त्यात मऊ केलेला गटापर्चा दाबल्यावर बारीक फाट्यांतही शिरतो. एक्स-रेत फिलिंग झकास दिसते. पण माल मुळाच्या टोकाबाहेर जाण्याचा संभव वाढतो. आता बायोसिरॅमिक सिमेंट व एकच काडी अशी सोपी पद्धतही रूढ होत आहे.

गरम आणि थंड यांची तुलना झाली तेव्हा दाढ बरी होण्यात मोठा फरक दिसला नाही. म्हणून केवळ 'गरम'साठी ओढाताण करून पैसे भरू नयेत, असे माझे मत. तुमच्या दाढेची नळीच तशी असेल तर गोष्ट वेगळी. ते दंतवैद्यांना सरळ विचारावे. नळ्या धुताना लाळ आत जाऊ नये म्हणून दाढेभोवती रबराचा पडदा लावतात का, हेही विचारावे. शेवटचा एक्स-रे पाहायला मागावा. फिलिंग मुळाच्या टोकापर्यंत किंवा त्याच्या आत दोन मिलिमीटरपर्यंत आलेले असावे.

आणि कॅप! दुखणे थांबले की कच्च्या फिलिंगवरच महिनोन् महिने काढणारे बरेच. ते झिजते, लाळेबरोबर जंतू आत उतरतात, किंवा पोकळ झालेली दाढ भाकरी चावताना उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते, मग आत गरम भरलेले असो की थंड.