सोमवारी छाती आवळते का?

मंगरूळपीर भागातल्या एका जिनिंगमध्ये मी कामगारांना मुकादमासमोरच विचारले, "दम लागतो का?" सगळे म्हणाले, "नाही, डॉक्टरसाहेब." चूक माझीच होती.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकारात सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. म्हणून इंग्लंडच्या डॉ. शिलिंग यांनी १९५० च्या दशकात नेमके त्या दिवसाबद्दलच विचारले.

पाहणी करताना प्रत्येकाला एकट्याला, साध्या बोलीत विचारावे; उत्तर मालकाला कळणार नाही, याची हमी द्यावी. आजारामुळे काम सोडलेल्यांच्या घरीही जावे. नाहीतर उरलेले धडधाकटच मोजले जातात आणि रोग दिसतच नाही.

वाचकहो, असा त्रास असल्यास विडी सोडा आणि आपण जिनिंगमध्ये काम करतो, हे डॉक्टरांना अवश्य सांगा.