डोंगरातल्या गोल्फसाठी पुढचा टी निवडा

पुणे जिल्ह्यातल्या पासली गावातून तोरणा किल्ल्याकडे पाहताना जो सह्याद्री दिसतो, त्याच्याच उत्तरेकडच्या डोंगरांत गोल्फची दोन मोठी मैदानं आहेत. एक बावधनजवळच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचं, दुसरं कोरीगडाच्या पायथ्याशी ॲम्बी व्हॅलीत. दोन्ही १८ होलची. अशा ठिकाणी सुट्टीला जाणारा माणूस खोलीची, जेवणाची, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराची बारकाईने चौकशी करतो, पण कोणत्या टीवरून खेळायचं हे मैदानावर उभं राहिल्यावर ठरवतो. खरं तर तेच सगळ्यात आधी ठरवायला हवं. टी म्हणजे प्रत्येक होलचा पहिला फटका मारायची जागा. एकाच होलसाठी अशा अनेक जागा मागेपुढे आखलेल्या असतात. पूर्ण लांबीच्या मैदानात सगळ्यात मागच्या टीवरून १८ होलची बेरीज साडेसहा किलोमीटरच्या घरात जाते, पुढच्या टीवरून ती पाचच्याही खाली येऊ शकते. हौशी खेळाडूने डोंगरात पुढचाच टी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

यावर जाणकार सांगतात की उंचावर हवा विरळ असते, चेंडू लांब जातो, मग मागच्या टीची भीती कशाला? सह्याद्रीत सहा-सातशे मीटर उंचीवर हा फायदा जेमतेम दोन-तीन टक्क्यांचा, म्हणजे १५० मीटरच्या फटक्यात चारेक मीटरचा. आणि लक्ष्य १५ मीटर वर असेल, तर तोच फटका साधारण १६५ मीटरचा समजून मारावा लागतो. चढाने मागितलेलं हवा भरून देत नाही. पावसाळ्यात ओल्या गवतावर चेंडू घरंगळतही नाही, त्यामुळे अंतर आणखी वाढल्यासारखं होतं. लांब मारण्याच्या नादात चेंडू उतारावरच्या झाडीत जातो. २०१९ पासून नियमाने शोधायला तीनच मिनिटं मिळतात. सापडला नाही तर एक दंडाचा फटका घेऊन मूळ जागेवरून पुन्हा मारायचं. असं चार-पाच वेळा झालं की चार-साडेचार तासांची फेरी लांबते, मागचे गट खोळंबतात आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

पूर्ण पैसे मोजले तर पूर्ण मैदान का खेळू नये, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण होल तेवढेच राहतात, तळी आणि वाळूचे खड्डेही तेच राहतात. उलट दुसरा फटका मैदान आखणाऱ्याने योजलेल्या जागेवरून मारायला मिळतो, आणि मैदानाची खरी गंमत तिथेच असते. पुढचा टी कमीपणाचा, ही समजूतही सोडावी. अमेरिकेतल्या गोल्फच्या मुख्य संस्थांनी २०११ मध्ये हौशी खेळाडूंना पुढे या म्हणून मोहीमच काढली होती. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत, म्हणजे खेळाडूची कुवत मोजायच्या पद्धतीत, प्रत्येक टीला स्वतंत्र मानांकन असतं, त्यामुळे पुढून खेळलेल्या फेरीचाही रीतसर हिशेब होतो.

म्हणून बुकिंगच्या फोनवरच प्रत्येक टीची एकूण लांबी मीटरमध्ये विचारून घ्या, पावसात मैदानात फिरायची गाडी गवतावर नेऊ देतात का तेही विचारा, आणि सकाळची पहिली वेळ मागा.