पीओपीच्या वर दडलेलं जंक्शन

देऊळगाव राजाहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. हॉलला पीओपी करून घेतलं, रंगही झाला, आणि आता छतातले दोन दिवे लागत नाहीत. वायरमन म्हणतो, दोष वरच्या जंक्शन बॉक्समध्ये आहे. पण बॉक्स नेमका कुठे, ते कुणालाच आठवत नाही, आणि ज्या पोराने वायरी ओढल्या तो केव्हाच पुण्याला गेला. मोबाइलवर तार शोधणारं अ‍ॅप मिळतं. त्याने काम भागेल का?

नाही भागणार. फोनमध्ये असतो तो होकायंत्रासाठीचा चुंबकमापक. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला भरतं. चालू पंखा जेमतेम पाव-अर्धा अँपिअर ओढतो; एवढ्या करंटचं क्षेत्र तारेपासून १० सेंटिमीटरवर एक मायक्रोटेस्लाच्याही आत येतं. तेही तार एकटी असेल तर. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून बिलगून जातात, एकीतून जितका करंट जातो तितकाच दुसरीतून परत येतो, आणि दोघींची क्षेत्रं एकमेकींना जवळपास पुसून टाकतात. भरीस भर म्हणजे हे क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं, आणि अ‍ॅपवर दिसतो तो सरासरी आकडा. अ‍ॅप कशावर ओरडतं, तर लोखंडावर. पीओपीच्या वर जीआय चॅनेलचा सांगाडा असतो. म्हणजे ते जागोजाग ओरडणार, आणि बॉक्स प्लास्टिकचा असेल तर नेमकं तिथेच गप्प बसणार.

वायरमनच्या खिशातला, तारेला न टेकवता पिपाणी वाजवणारा टेस्टर जरा बरा. तो करंट शोधत नाही, २३० व्होल्टचं विद्युत क्षेत्र शोधतो. दिवा बंद असला तरी फेज जिवंत असेल तर त्याला कळतं. पण अर्थिंग नसलेलं चॅनेल जिवंत तारेजवळून गेलं की त्यावरही थोडा दाब चढतो, आणि टेस्टर चॅनेलभर पीं-पीं करत सुटतो.

आसपासच्या धातूने असं फसवल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण थेट अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पलंगावरचं आहे.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीत शिरली आणि आत राहिली. एक्स-किरण सापडायला अजून १४ वर्षं होती. डॉक्टर न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपत होते. मुख्य डॉक्टर ब्लिस यांचं नाव ऐकण्यासारखं आहे: आईबापांनी बारशालाच त्यांचं नाव ‘डॉक्टर’ ठेवलं होतं, म्हणजे शिकून झाल्यावर ते डॉक्टर डॉक्टर विलर्ड ब्लिस झाले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावले. त्यांच्याकडे ‘इंडक्शन बॅलन्स’ होता: तारेची वेटोळी अशी मांडायची की एकाचा परिणाम दुसऱ्याने खोडला जावा आणि कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये शांतता राहावी. जवळ धातू आला की तोल बिघडतो आणि गुणगुण सुरू होते. यादवी युद्धातल्या गोळ्या अजून अंगात असलेल्या जुन्या सैनिकांवर त्यांनी तो तपासूनही पाहिला.

२६ जुलैला पहिला प्रयत्न झाला. यंत्राची जोडणी चुकली होती, नुसतीच खरखर आली. १ ऑगस्टला दुसरा. या वेळी आवाज आला, पण एका जागी नाही, मोठ्या भागावर पसरलेला. नंतर कळलं, अध्यक्षांच्या गादीखाली आणखी एक गादी होती, पोलादी तारांची! शिवाय ब्लिस यांना गोळी उजवीकडेच असल्याची खात्री होती, त्यामुळे बेल यांना शोध घेऊ दिला तोही उजवीकडेच. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. जीव घेतला तो मुख्यतः जखमेत शिरलेल्या जंतूंनी.

आपल्या घरातली ती तारांची गादी म्हणजे स्लॅब. शेजारच्या जालन्याच्या कारखान्यांतून निघालेल्या सळयांची जाळी त्यात वीतभर अंतरावर विणलेली असते. स्लॅबमधला पाइप साध्या मेटल डिटेक्टरने शोधायला जाल तर बेल यांनी ऐकलं तेच ऐकाल.

आणि आता माझा लाडका माणूस. इंडक्शन बॅलन्सचं नाव निघालं की लोकांना बेल आठवतात. पण १८७९ मध्ये त्याला हे रूप दिलं लंडनच्या डेव्हिड एडवर्ड ह्यूझ यांनी. त्याच वर्षी त्यांना दिसलं की बॅलन्समधल्या एका ढिल्या जोडणीवर ठिणगी उडाली की लांब ठेवलेल्या, तारेने न जोडलेल्या रिसीव्हरमध्येही टकटक ऐकू येते. रिसीव्हर कानाला लावून ते ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवर चालत गेले. चारशे-पाचशे मीटरपर्यंत आवाज येत राहिला. त्या रेडिओलहरी होत्या, त्या प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या हाइनरिश हर्ट्झच्या आठ वर्षं आधी! फेब्रुवारी १८८० मध्ये रॉयल सोसायटीची मंडळी प्रयोग पाहायला आली. त्यांच्यातल्या जॉर्ज स्टोक्स यांनी निकाल दिला, हे नेहमीचंच इंडक्शन, यात नवं काही नाही. हिरमुसलेल्या ह्यूझनी ते छापलंच नाही. स्टोक्स मोठे गणिती, पण एवढी घाई करायला नको होती, असं मला आजही वाटतं.

ह्यूझची ती टकटक छताखाली कामाला येते. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा करंट तोडतो-जोडतो, आणि स्वस्त ड्रायव्हर तर मीडियम वेव्हवर भरपूर कचरा फेकतो. माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर काढा, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा, दिवे लावा आणि छताजवळ फिरवा. खरखर वाढली की ड्रायव्हर किंवा त्याची वायर जवळ आली. आतल्या फेराइट दांडीचं टोक उगमाकडे वळलं की आवाज पडतो, त्यावरून दिशाही लागते. मेलेला ड्रायव्हर मात्र बोलत नाही. म्हणून चालू दिव्यांच्या वायरी कुठवर येतात ते ऐकायचं आणि बंद दिव्यांची वाट त्यावरून ताडायची.

याहून खात्रीचा उपाय टेलिफोनच्या लाइनमनकडे पूर्वीपासून आहे. एमसीबी पाडून, तार मृत असल्याची खात्री करून, तिच्यात एका टोकाने सूर सोडायचा आणि दुसऱ्या हातातल्या शोधकाने त्या सुराचा माग काढायचा. सूर जिथे फुटून दोन-तीन वाटांनी जातो तिथे बॉक्स. थर्मल कॅमेरा भाड्याने आणायचा मोह होईल. ढिली जोडणी तापते हे खरं, पण करंट वाहत असला तरच. तुमचे दिवे तर बंद आहेत. आणि मे महिन्यात बुलढाण्याकडचा स्लॅब रात्री दहालाही धगधगत असतो, कॅमेऱ्याला तीच धग दिसणार.

हे सगळं करण्याआधी वायरमनला एक करायला सांगा. एमसीबी पाडून बंद पडलेला दिवा खाली ओढायचा. तो दोन स्प्रिंगांवर अडकवलेला असतो, प्लास्टरला धक्का न लागता निघतो. ड्रायव्हर बहुधा तिथेच, हातभर वायरीवर पडलेला असतो. दुसरा ड्रायव्हर लावून बघा. बरेचदा जंक्शनचा काही दोषच नसतो. दिवा तरीही लागला नाही तर त्याच भोकातून फोन वर घालून, फ्लॅश लावून, चारी दिशांचा व्हिडिओ घ्या. बॉक्स दिसला तर त्याच्या खालीच एक चौकोन कापा आणि तिथे उघडता येणारं झाकण बसवून घ्या. पीओपीवाला कुरकुर करेल, करू द्या.