खोटे नाव, खरे पाते

परवा शिकवणी संपल्यावर एका विद्यार्थ्याने पेटीवर पिस्तूल ठेवले. छातीत धस्स झाले.

"घाबरू नका गुरुजी, छर्ऱ्याचे आहे," तो हसून म्हणाला.

वॉल्थर या जर्मन कंपनीच्या पी ८८ पिस्तुलाची ती हुबेहूब नक्कल. नाव सीपी ८८. वॉल्थर कंपनी १९९३ मध्ये विकत घेणाऱ्या उमारेक्सने ती काढली. संग्राहकांना तिचे प्रकार तोंडपाठ असतात : चार इंची नळीचे, सहा इंची नळीचे 'कॉम्पिटिशन', काळे, निकेलचा मुलामा दिलेले. याच्या अंगावर '४.५ मिलिमीटर' कोरलेले होते. मूळ पिस्तूल नऊ मिलिमीटरचे, यात मात्र शिशाचा छर्रा. शेजारी पंचकोनात 'एफ' अक्षर. म्हणजे जर्मन कायद्याप्रमाणे जोर साडेसात ज्यूलच्या आत. सोंग अस्सलाचे, पण आपली खरी जात अंगावरच लिहिलेली!

मौज अशी की, याच मुलाच्या घरी याच्या नेमके उलट उदाहरण आहे. पणजोबांपासून दसऱ्याला पुजली जाणारी एक तलवार. पात्यावर फारसीत 'अमल-ए-असदुल्ला इस्फहानी', म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाचे काम. गेल्या महिन्यात एका जाणकाराने नाव खोटे ठरवले आणि घरावर अवकळा आली. वडील तलवार मोडीत काढायला निघाले आहेत.

असदुल्ला हा इराणच्या शाह अब्बासच्या काळातला नामांकित कारागीर मानला जातो. पण त्याचे नाव इतक्या पात्यांवर आणि इतक्या नंतरच्या काळापर्यंत आढळते की ते एका माणसाच्या हयातीत मावणारच नाही. ते नाव उत्तम पात्याची ग्वाही म्हणून घातले जाई, हिंदुस्थानातही.

आणि इस्फहानला तरी पोलाद कोठून जात होते? आपल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रमहून! तेथे मातीच्या मुशीत लोखंड बंद करून भट्टीत तापवीत आणि सावकाश निववीत. त्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखा जौहर उमटे. १८२० च्या सुमारास डॉ. व्हॉयसी तेथे गेले, तेव्हा पोलाद खरेदीला आलेला इस्फहानचा व्यापारी त्यांना भेटला. त्यांची ही हकीकत १८३२ मध्ये छापली गेली. दख्खनचे पोलाद, लौकिक मात्र इस्फहानचा.

आमच्या गाण्यातही घराण्याचे मोठे नाव सांगणारे पुष्कळ भेटतात. नाव ऐकून घ्यावे, पण निवाडा गळा ऐकूनच करावा. नाव खोटे निघाले म्हणून लागलेला षड्ज बेसूर होत नाही. सालारजंग संग्रहालयातल्या तलवारी पाहतानाही मुठीच्या नक्षीवर आणि नावावर न थांबता पाते निरखावे.

मी त्या मुलाला म्हटले, "पिस्तुलावर आहेत तशा खऱ्या खुणा तलवारीलाही दे. तलवार घरात कोणी आणली, केव्हापासून आहे आणि हे नाव तिच्या कारागिराचे नाही, एवढे चिठ्ठीवर लिहून म्यानाला बांध. वडिलांना दाखव, आणि मग मोडीचे बोला."

चिठ्ठी वडिलांच्याच हातून लिहून घेतो, म्हणाला.