एक संगणक, दोन धनी

मासिकाची वार्षिक वर्गणी भरणें ही आपल्या कुटुंबांतून चालत आलेली जुनी रीत आहे. एका वर्गणींत घरांतील दहा माणसें वाचतात, शेजारीहि अंक मागून नेतात, आणि पुढील वर्षीं वर्गणी भरली नाहीं तरी गेल्या वर्षाचे अंक कपाटांत आपलेच राहतात. सॉफ्टवेअरच्या वर्गणीचा धर्म निराळा आहे. ती एका नांवावर व एका मुदतीपुरती असते. मुदत सरली कीं दार लागतें. त्यांतून एकाच संगणकावर कांहीं वर्गण्या कचेरीनें भरलेल्या व कांहीं घरच्या पैशांनीं घेतलेल्या असल्या, म्हणजे कोणतें दार कोणाच्या किल्लीनें उघडलें आहे याचें भान सुटतें. तें सुटल्यानें कुटुंबाचें काय पणाला लागतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पूर्वीं हा प्रश्न उद्भवत नसे. लालबाग-परळच्या गिरणींत जाणारा कामगार असो वा फोर्टांतील कचेरींत जाणारा गिरगांवकर कारकून असो, कामाचीं साधनें कामाच्या ठिकाणींच राहत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या व त्यांतील कित्येकींच्या आवारांत कचेऱ्या उभ्या राहिल्या. लोअर परळचें कमला मिल्सचें आवार हें त्याचें ठळक उदाहरण. मार्च २०२० मधील टाळेबंदीनें ती कचेरीच उचलून घरांत आणून ठेविली. टाळेबंदी उठली, तरी आठवड्यांतून कांहीं दिवस घरून काम करण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं टिकून राहिली आहे. गिरगांवच्या चाळींतील दोन खोल्यांत किंवा दादरच्या हिंदु कॉलनींतील बिऱ्हाडांत प्रत्येकास स्वतंत्र संगणक मिळणें अवघड. सकाळीं ज्या संगणकावर मुलगा कचेरीचे हिशेब करतो, त्यावरच दुपारीं सूनबाई भाषांतरें करतात, सायंकाळीं नातवंडांचा अभ्यास होतो, आणि रात्रीं आजोबा सोसायटीच्या सभेचें टिपण लिहावयास बसतात.

सॉफ्टवेअर एकदां विकत घेतलें कीं तें कायम वापरावें, ही रीतहि याच सुमारास मागें पडत गेली. ॲडोबी कंपनीनें आपल्या चित्रकलेच्या व मुद्रणाच्या साधनांच्या नव्या आवृत्त्या यापुढें वर्गणीनेंच मिळतील असें २०१३ मध्यें जाहीर केलें. तिची व्यक्तिगत वर्गणी दोन संगणकांवर बसवितां येते, पण एका वेळीं एकावरच वापरतां येते, आणि ती एका माणसापुरती असते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या 'फॅमिली' वर्गणींत मात्र ६ जणांची सोय आहे; प्रत्येकाचें खातें वेगळें व प्रत्येकास एक टेराबाइट साठवण. एकत्र कुटुंबास ही योजना सोयीची खरी. तथापि घरगुती वर्गणीवर धंद्याचें काम चालवावें कीं नाहीं, हें तिच्या अटी वाचूनच ठरवावें. मुदत संपल्यावर यांतील वर्ड व एक्सेल जुने कागद उघडून दाखवितात, छापूंहि देतात, परंतु त्यांत बदल करूं देत नाहींत.

पैशांपेक्षां मोठी जोखीम साठवणीची आहे. कचेरीच्या खात्यांत जागा ऐसपैस असते, म्हणून नातवाच्या मुंजीचे फोटो, सासूबाईंच्या तपासण्यांचे अहवाल आणि घराचीं कागदपत्रें सहज त्यांत जाऊन पडतात. नोकरी सुटते त्या दिवशीं खातेंहि बंद होतें. काढून टाकलेलें खातें मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेंत सामान्यतः ३० दिवसांत, व गूगल वर्कस्पेसमध्यें २० दिवसांत पुन्हां उघडतां येतें. पण तो अधिकार कचेरीच्या व्यवस्थापकाचा, आपला नव्हे. नोकरी चालू असतांनाहि त्या खात्यांतील मजकूर पाहण्याचा अधिकार त्याला असूं शकतो. घरांतील आजारपण व देणींघेणीं परक्याच्या नजरेखालीं ठेवावीं, असें कोणत्या कुटुंबास आवडेल?

दुसऱ्या बाजूचाहि विचार हवा. कचेरीचा गोपनीय कागद घरच्या खात्यांत ठेवला, तर तो मुलांच्या हातून कोठेंहि जाऊं शकतो. कचेरीनें भरलेल्या वर्गणीवर घरच्या मुंजीची पत्रिका सजवितांना, सरकारी तेलाचा दिवा मालवून स्वतःचा दिवा लावणाऱ्या चाणक्याची आख्यायिका आठवावी. लेखनाच्या मालकीचा प्रश्नहि आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा असतो. सूनबाईंनीं फुरसतीच्या वेळांत लिहिलेली कथा त्यांत येत नाहीं. परंतु ती कचेरीच्या खात्यांत जपून ठेवल्यास उद्यां वाद घालावयास जागा राहते. नोकरीचा करारहि याच दृष्टीनें एकदां वाचून पाहावा.

उपाय सोपे आहेत. विंडोजमध्यें प्रत्येक माणसाचें स्वतंत्र वापरखातें करावें, व घरून काम करणाऱ्याची दोन असावींत: एक कचेरीचें, एक स्वतःचें. क्रोमसारख्या ब्राउझरमध्यें स्वतंत्र प्रोफाइल करतां येतात. त्यामुळें परवलीचे शब्द व खुणा एकमेकींत मिसळत नाहींत. कचेरीचें खातें विंडोजला प्रथम जोडतांना, संस्थेस या यंत्राचें व्यवस्थापन करूं द्यावें काय, अशा अर्थाची चौकट पुढें येऊं शकते. तेथें घाईनें होकार देऊं नये. होकार दिल्यास घरच्या संगणकावर कचेरीचे नियम लागू होऊं शकतात, आणि कांहीं व्यवस्थांत दुरून यंत्र पुसून टाकण्याची शक्तिहि कचेरीच्या हातीं जाते. केवळ त्या एका सॉफ्टवेअरपुरतें खातें उघडण्याचा पर्याय तेथेंच असतो, तो निवडावा. कचेरीला तो मान्य नसेल, तर कामासाठीं तिच्याकडूनच निराळा संगणक मागावा.

राहतां राहिला खर्च. रिझर्व्ह बँकेच्या नियमान्वयें १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वळती होणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधीं द्यावी लागते. २०२२ मध्यें मर्यादा वाढविण्यांत आली, तेव्हांपासून १५,००० रुपयांपर्यंतची अशी नित्य वर्गणी दर वेळीं पुन्हां संमति न घेतां वळती होऊं शकते. म्हणजे ती सूचना वाचणें हाच आपला पहारा. कार्ड आजोबांचें, वर्गणी नातवाची आणि सूचना कोणीच वाचीत नाहीं, असें असेल तर सोडून दिलेल्या साधनाचेहि पैसे महिनोन्महिने जात राहतात.

म्हणून किराण्याच्या वहीशेजारीं एक लहानशी वही ठेवावी. वर्गणी कोणती, कोणाच्या नांवावर, पैसे घरचे कीं कचेरीचे, मुदत केव्हां सरते, आणि तिच्या साठवणींत घराचें काय ठेविलें आहे, एवढे पांच रकाने पुरेत. जुन्या पेढ्यांवर पेढीची कीर्द निराळी व घरखर्चाची वही निराळी असे, तींतलीच ही शिस्त. येत्या रविवारीं दुपारचीं जेवणें उरकल्यावर सर्वांनीं मिळून ही वही लिहावी. आणि कचेरीच्या खात्यांत घरचा एखादा फोटो वा कागद सांपडला, तर नोकरी चालू आहे तोंच कचेरीच्या परवानगीनें तो घरीं आणावा.