कोल्ह्याने पळवलेले नाव

घरातील विजेच्या मीटरजवळ जी एमसीबीची पेटी असते, ती एकदा नीट पाहा. हात मात्र लावू नका. आकडे तेवढे वाचा. एमसीबी साधारणपणे १०, १६, २५, ४०, ६३ अँपिअर अशा मापांत मिळतात. १०, २०, ३०, ४० असे सरळ आकडे का नाहीत? याचे उत्तर शोधत गेलो, की आपण एका फ्रेंच लष्करी इंजिनिअरापाशी पोहोचतो. त्याचे नाव शार्ल रनार. फ्रेंच भाषेत ‘रनार’ म्हणजे कोल्हा!

आपल्याकडे वाघ, लांडगे, कोल्हे अशी आडनावे आहेत, तसेच हे एक असेल असे तुम्हांला वाटेल. पण येथे गंमत उलटी आहे. फार पूर्वी जर्मन वंशाच्या भाषांत ‘रागिनहार्ट’ हे माणसाचे नाव होते. ‘रागिन’ म्हणजे सल्ला आणि ‘हार्ट’ म्हणजे कणखर. बाराव्या शतकात फ्रान्समधील कवींनी प्राण्यांच्या विनोदी कथा रचल्या. त्यांतील लबाड कोल्ह्याला त्यांनी हेच नाव दिले : रनार. पुढच्या शतकात हा कोल्हा फ्लेमिश भाषेतही ‘रेइनार्ट’ म्हणून अवतरला. कथा इतक्या गाजल्या, की कोल्ह्याला असलेला ‘गुपी’ हा जुना फ्रेंच शब्द मागे पडला आणि लोक कोल्ह्यालाच ‘रनार’ म्हणू लागले. म्हणजे माणसांनी कोल्ह्याचे नाव घेतले नाही, कोल्ह्यानेच माणसांचे नाव पळवले! (काटेकोरपणे बोलायचे, तर युरोपातील हा प्राणी आपल्या खोकडाचा भाऊबंद आहे, पण गोष्टींत आपण त्याला कोल्हाच म्हणतो.)

आता आपल्या आकड्यांकडे वळू. शार्ल रनार यांचा जन्म १८४७ साली फ्रान्समधील व्होज विभागात झाला. ते सैन्यासाठी बलून तयार करण्याचे काम पाहत. बलून बांधून ठेवण्यासाठी तऱ्हेतऱ्हेच्या जाडीचे दोर लागत, आणि त्यांचे तब्बल ४२५ प्रकार कोठारात जमले होते. रनार यांनी १८७०च्या दशकात ते अवघ्या १७ वर आणले. कसे, ते पाहा.

मापे सारख्या अंतराने वाढवली, तर १० मिलिमीटरनंतर २० मिलिमीटर येतो; म्हणजे दोर एकदम दुप्पट जाड होतो. पण १००नंतर ११० येतो, तेव्हा वाढ जेमतेम एक दशांश असते. लहान मापांत उड्या फार मोठ्या आणि मोठ्या मापांत गर्दी! म्हणून रनार यांनी बेरीज सोडून गुणाकार धरला. १० ते १०० या टप्प्याचे त्यांनी पाच सारख्या पटींचे भाग केले. प्रत्येक पट १.५८५ ची, म्हणजे १० च्या पाचव्या मुळाएवढी. ही झाली भूमिती श्रेढी. १० ला १.५८५ ने गुणत जा : १५.८५, २५.१, ३९.८, ६३.१ आणि १००. सोयीसाठी थोडे पूर्णांकात आणले, की १०, १६, २५, ४०, ६३, १००. मधली मापे हवी असतील, तर पाचाऐवजी दहा भाग करता येतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या तिसऱ्या क्रमांकाच्या मानकात हीच श्रेढी आहे.

याच शार्ल रनार यांनी आर्थर क्रेब्ज यांच्यासह ‘ला फ्रान्स’ हे विमाननौकेसारखे लांबट बलून तयार केले. बॅटरीवर चालणाऱ्या विद्युत मोटरीने त्याचा पंखा फिरे. ९ ऑगस्ट १८८४ रोजी ते २३ मिनिटांत सुमारे ८ किलोमीटर हिंडून, सुटले तेथेच परत उतरले. तोपर्यंत बलून वारा नेईल तिकडे जाई. त्या दिवशी ते माणूस नेईल तिकडे गेले.

दुसरे रनार बेल्जियमचे. आल्फाँस रनार यांचा जन्म १८४२ साली रॉन्स या गावी झाला. फ्लेमिश आणि फ्रेंच भाषांच्या सीमेवरील या गावाला फ्रेंचमध्ये ‘रने’ असे दुसरे नाव आहे. आल्फाँस भूवैज्ञानिक होते. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात महासागरांच्या तळांवरून जो गाळ आणला, तो त्यांनी जॉन मरे यांच्यासह तपासला. १८९१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. खोल समुद्रातील तांबड्या मातीत लोहचुंबक फिरवल्यावर बारीक काळ्या गोळ्या चिकटून आल्या. काहींच्या पोटात धातुरूप लोह होते. ही धूळ अवकाशातून आलेली आहे, असा निष्कर्ष या दोघांनी काढला, आणि तो खरा ठरला. ती तेथेच का सापडावी? कारण किनाऱ्यापासून दूर गाळ फार सावकाश साचतो, हजार वर्षांत काही मिलिमीटर. त्यामुळे आकाशातून पडलेले कण त्यात गाडून दिसेनासे होत नाहीत.

तिसरे आल्फ्रेड रनार, तेही बेल्जियमचेच. त्यांनी आखलेले ‘आर ३१’ हे टेहळणी विमान १९३२ साली उडाले. चौथे ज्यूल रनार, फ्रेंच लेखक. या ‘कोल्हे’ आडनावाच्या गृहस्थांनी १८९६ साली प्राण्यांवर छोट्या गद्यचित्रांचे पुस्तक लिहिले!

हे सारे एकाच घराण्यातले का? तसे मानण्याचे कारण नाही. एखादे नाव गावोगावी ठेवले जात असेल, तर त्यापासून आडनावही अनेक ठिकाणी वेगवेगळे उगवते. आडनाव सारखे म्हणून रक्त किंवा बुद्धी सारखी, हा तर्क चुकीचा आहे. आडनाव इतिहास सांगते, माणूस सांगत नाही. तो त्याच्या कामावरून ओळखावा.

आता एक गृहपाठ. पट १.२५९ घ्या आणि १० पासून दहा वेळा गुणा. मग एमसीबीची पेटी पुन्हा पाहा. २० आणि ३२ अँपिअर कोठून आले, हे तुमचे तुम्हांलाच कळेल.